परतीच्या वाऱ्याचं इंजिन

डायव्हिंगसाठी रबरी बोट घ्यायची ठरली, की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "किती एचपीचं इंजिन लावू?" मालवणात वर्षानुवर्षं अशी बोट चालवत असल्याने हा प्रश्न माझ्याकडे बराच येतो. फायबरची बोट सोडून रबरीच का, हे विचारणारेही आहेत. त्यांना सांगतो की काठ बुटका असतो, पाण्यातला माणूस सहज वर येतो, लाटेत काठ डोक्यावर आपटला तरी टाके पडत नाहीत, आणि मेअखेरीस चार जणांनी उचलून माडाखाली ठेवता येते. पण या बोटीला चुकीचं इंजिन फायबरपेक्षा लवकर भोवतं. म्हणून अनुभवाने जे पक्कं झालं ते इथे मांडतो.

१. एचपी नंतर, आधी वजनकाटा.

दुकानात दाखवतात ती बोट रिकामी असते. आपली कधीच रिकामी नसते. पावणेपाच मीटरची रबरी बोट धरा. फळ्यांसकट तिचं वजन साधारण १२० किलो. इंजिन ७५. पंचवीस लिटर पेट्रोल म्हणजे १९ किलो. आता माणसं. ७५ किलोचा माणूस डायव्हर झाला की त्याच्यासोबत ॲल्युमिनियमची भरलेली टाकी येते, ती १७ किलो. शिशाचा पट्टा, जॅकेट, रेग्युलेटर, फिन, सूट मिळून आणखी १५. म्हणजे एक डायव्हर १०७ किलो. असे पाच, वर बोट चालवणारा, शिवाय नांगर, दोर, ऑक्सिजनची पेटी आणि प्यायचं पाणी. बेरीज ८६० किलोच्या आसपास जाते.

मी एका एचपीमागे २० ते २२ किलो धरतो. पंचवीसच्या पुढे गेलं, तर बोट पाण्यावर उठत नाही, नुसती ढकलली जाते. वरच्या बेरजेला ४० एचपी लावलं तर एचपीमागे साडेएकवीस किलो येतात, म्हणजे जमतं. पैसे वाचवायला २५ एचपीचं घेतलं, तर इंजिन हलकं असूनही एचपीमागे ३३ किलो. ती बोट दोन माणसांनिशी भन्नाट पळेल आणि विकणारा तुम्हाला तशीच पळवून दाखवेल. आमचे मेस्त्री म्हणतात, "रिकामी होडी कोणव पळवता. भरून दाखव म्हणा."

२. इंजिन जाताना नव्हे, परतताना कसं चालतं ते बघायचं.

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मालवणच्या किल्ल्याच्या आजूबाजूला डायव्हिंग करायचं असेल, तर कुठलंही बरं इंजिन चालून जातं. खरी परीक्षा निवतीच्या खडकांकडे जाताना होते. सकाळी मतलई वारा हलका असतो, पाणी तेलासारखं. निवती मालवणच्या दक्षिणेला, त्यामुळे जाताना काहीच जाणवत नाही. दोन डाइव्ह होतात, जेवणाची वेळ होते, आणि तोवर वायव्येचा वारा उठलेला असतो. फेब्रुवारीपासून पुढे तर दुपारी तो हटकून उठतो. परतायचं असतं उत्तरेला, म्हणजे वारा आणि लाट जवळजवळ समोरूनच.

टाक्या संपल्या म्हणजे बोट हलकी झाली असेल, असं नव्याला वाटतं. पाच टाक्यांतून मिळून दहाएक किलो हवा कमी होते, आणि भिजलेले सूट तेवढंच पाणी बोटीत परत आणतात. वजन तेच राहतं. माणसं मात्र गारठलेली, एखाद्याला ओकारी. अशा वेळी इंजिनात ताकद शिल्लक नसेल, तर बोट नाक वर करून शेपूट घसटत येते. या अवस्थेत पेट्रोल सगळ्यांत जास्त जळतं आणि अंतर सगळ्यांत कमी कापलं जातं. त्यात रबरी बोटीची नाळ हलकी, ती वर उचललेली असताना खालून वारा शिरला तर बोट उलटूही शकते. म्हणून परतताना टाक्या पुढे आणि दोन वजनदार माणसंही पुढे. त्यांनी कुरकुर केली तरी.

मी इंजिनाचा हिशोब करतो तो या परतीच्या दीड तासाचा. भरलेली बोट, समोरचा वारा, आणि थ्रॉटल तीन-चतुर्थांशावर असताना बोट उठलेली राहिली पाहिजे. उरलेला पाव भाग लाट चुकवायला राखून ठेवायचा.

३. जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षित, हे खरं नाही.

वरचं वाचून कुणी साठ एचपीचं इंजिन बघायला निघेल, तर थांबा. बोटीच्या मागच्या फळीजवळ बनवणाऱ्याची पट्टी असते. त्यावर किती एचपीपर्यंत चालेल आणि किती किलो भार चालेल ते लिहिलेलं असतं. लोक एचपी वाचतात, इंजिनाचं कमाल वजन विचारत नाहीत. रबरी बोटीत मागची फळी हवेच्या दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेली असते आणि सगळा जोर त्या चिकटलेल्या जागेवर येतो. लाटेवरून बोट आपटली, की इंजिनाचं वजन दर वेळी ती जागा उकलायला बघतं. उन्हात पडून राहिलेल्या पीव्हीसीच्या बोटीत तर हे फार लवकर होतं.

या फळीलाही इतिहास आहे. पिएर दब्रुतेल या फ्रेंच इंजिनियरने १९३० च्या दशकात झोडियाक कंपनीसाठी नळ्यांमध्ये लाकडी फळी बसवली, आणि रबरी होडीला मागे इंजिन टांगायची सोय झाली. गंमत अशी, की या जातीच्या बोटीचं नाव जगभर झालं ते इंजिनाशिवाय. आलँ बोंबार नावाचा फ्रेंच डॉक्टर १९५२ साली साडेचार मीटरच्या झोडियाकमधून, छोट्याशा शिडावर, एकटा अटलांटिक पार करून बार्बाडोसला पोचला. पण त्याच्या बोटीत पाच डायव्हर नव्हते.

४. टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

किनाऱ्यावरचे वाद यावरच रंगतात, आणि दोन्ही बाजूंचं थोडंथोडं खरं असतं.

टू स्ट्रोकची बाजू वजनाची. ४० एचपीचं टू स्ट्रोक साधारण ७० ते ८० किलो, फोर स्ट्रोक ९५ ते १०५. मागच्या फळीवरचा हा पंचवीस किलोंचा फरक रबरी बोटीला कळतो. शिवाय त्यात सुटे भाग कमी. प्लग, कार्बोरेटर, पंप हे सगळं वाळूवर बसून उघडता येतं. मासेमारीच्या होड्यांवर हीच इंजिनं वर्षानुवर्षं वापरात असल्यामुळे प्रत्येक वाडीत हात लावणारा कुणीतरी सापडतो. शिवाय ते कुठल्याही कुशीवर आडवं ठेवलं तरी चालतं. फोर स्ट्रोक चुकीच्या कुशीवर ठेवलं, तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

पण डायव्हिंगच्या बोटीचं काम मासेमारीसारखं नसतं. आमचा निम्मा वेळ बुडबुड्यांमागे सावकाश फिरण्यात जातो. कार्बोरेटरवालं टू स्ट्रोक अशा मंद चालीवर तासभर ठेवलं की प्लग तेलाने काळे होतात आणि नेमकं हवं तेव्हा अडखळतं. मागून वारा असेल तर निळा धूर बोटीतच बसतो. लाटांवर डुलणाऱ्या, आधीच मळमळणाऱ्या माणसाला तो धूर पुरेसा असतो. आणखी एक गोष्ट इंजिन विकणारे कधी सांगत नाहीत, ती म्हणजे आवाज. डायव्हर लांब वर आला, लाटांमुळे दिसत नाही, शिट्टी वाजवतो. मंद चालणाऱ्या फोर स्ट्रोकवर ती शिट्टी ऐकू येते. टू स्ट्रोकवर इंजिन बंद करून कान द्यावा लागतो.

पेट्रोलचं म्हणाल, तर ४० एचपीचं फोर स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला साधारण १५ लिटर पितं आणि टू स्ट्रोक १८ ते २०. कारण साधं आहे. जुन्या धर्तीच्या टू स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धुराची वाट उघडीच असते, त्यामुळे त्यातलं थोडं न जळताच बाहेर जातं. ते कुठे जातं? पाण्यात, पन्नासाला एक या प्रमाणात मिसळलेल्या ऑइलसकट. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं ते इथल्या प्रवाळांसाठी आणि खडपांवरच्या जिवांसाठी. लोकांना ते दाखवायला न्यायचं आणि वरून तेलाचा रंगीत तवंग सोडायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

मी फोर स्ट्रोककडे झुकतो, पण आधी फळीची ताकद तपासून. बोट चार मीटरच्या आतली असेल, दोनच डायव्हर न्यायचे असतील आणि रोज वाळूवर ओढायची असेल, तर हलकं टू स्ट्रोक घेणाऱ्याला मी हसणार नाही.

५. शाफ्टची लांबी फळीवरून मोजायची.

फळीच्या वरच्या कडेपासून मधोमध तळापर्यंत टेप धरा. शाफ्ट १५, २० आणि २५ इंचांत मिळतात. इंजिनावर पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. आखूड शाफ्ट घेतला तर लाटेवर पंखा हवा खातो आणि इंजिन नुसतं किंचाळतं. लांब घेतला तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि देवबागेतल्या वाळूच्या दांड्यावर तोच आधी टेकतो. स्वस्तात मिळालेलं सेकंडहँड इंजिन बहुतेकदा याच कारणाने स्वस्त मिळालेलं असतं.

६. इंजिनाला शिव्या घालण्याआधी पंखा बघा.

ओळखीतल्या एकाने नवं ४० एचपीचं इंजिन लावलं. रिकामी बोट छान पळायची. पाच माणसं बसली, की नाक वर आणि ढिम्म. एजन्सीवाला म्हणाला, पन्नासचं घ्यायला हवं होतं. बोटवाला इंजिन बदलायलाच निघाला होता. मेस्त्रींनी बोट बघितली, सगळ्यांना आत बसवलं, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि आरपीएमचं मीटर वाचलं. ४६०० च्या वर जात नव्हतं. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० लिहिलेलं. "इंजनाक शिव्या घालू नको, आदी पंखो बघ," एवढंच ते म्हणाले.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पिच. पिच १३ म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर १३ इंच पुढे जातो. प्रत्यक्षात पाणी निसटतं, म्हणून दहा-वीस टक्के कमी. जास्त पिचचा पंखा हलक्या बोटीला वेग देतो आणि भरलेल्या बोटीला दमवतो. आंबोलीचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढवावा, तसं इंजिन घुसमटतं, तापतं, आत काजळी धरतं. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. मेस्त्रींनी तेराचा काढून अकराचा बसवला. त्याच पाच माणसांनिशी मीटर ५००० ला टेकलं आणि बोट उठली. रिकाम्या बोटीचा वरचा वेग थोडा गेला, पण तो लागतो कुणाला? नव्या इंजिनाच्या किमतीपुढे पंख्याचे पैसे म्हणजे किरकोळ.

पंखा ॲल्युमिनियमचाच घ्या. स्टीलचा पातळ, देखणा आणि वेगवान असतो, पण खडपावर आपटला तर मार आतल्या गिअरपर्यंत जाऊ शकतो. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं, तुटतं, आणि मार तिथेच संपतो. आमच्याकडे पाण्याखाली खडप आहेत म्हणूनच डायव्हिंग आहे, तेव्हा पंखा कधीतरी आपटणारच. दुसरा पंखा, कॉटर पिन आणि पाना बोटीत कायम.

आणि हो, नळ्यांत हवा कमी असेल तर कुठलाच पंखा मदत करत नाही. मऊ बोट लाटेवर मधोमध दुमडते आणि इंजिनाची निम्मी ताकद ती दुमड सरळ करण्यात जाते. सकाळी गेज लावून साडेतीन पीएसआयच्या आसपास, म्हणजे बनवणाऱ्याने सांगितलेल्या दाबावर, हवा भरायची. थंड पाण्यात उतरल्यावर दाब घटतो, तो पुन्हा बघायचा. आणि दुपारी उन्हात वाळूवर ठेवली तर थोडी हवा सोडायची.

७. पाण्यात माणूस असताना पंखा फिरता कामा नये.

आमच्या धंद्यात इंजिनाजवळ माणसं असतात, इतर बोटींच्या जवळ ती नसतात. म्हणून इंजिन निवडताना मी बंद-चालूचा विचार करतो. डायव्हर काठाला हात लावतो तेव्हा इंजिन न्यूट्रलला नव्हे, बंदच. पण बंद केलेली बोट वाहत खडपाकडे जाते, तेव्हा ते लगेच चालू व्हायला हवं. दिवसभरात हे असंख्य वेळा होतं. बटणावर चालू होणारं आणि बॅटरी दगा दिली तर दोरीनेही ओढता येणारं, अशी दोन्ही सोय असलेलं इंजिन घ्या. खाऱ्या हवेत बॅटरीची टोकं किती टिकतात हे आम्हाला विचारा. घेण्याआधी दोरी स्वतः ओढून बघा. ४० एचपीची दोरी सगळ्यांच्याने ओढवत नाही.

पंख्याभोवतीच्या जाळीबद्दल लोक विचारतात. उथळ शांत पाण्यात, शिकाऊ लोकांसोबत, मंद चालीवर ती उपयोगी आहे. मोकळ्या समुद्रात ती बोटीला मागे ओढते, सुकाणू जड करते, आणि वेगात असताना लागली तर जाळीचा लोखंडी मारही मारच असतो. त्यापेक्षा लोकांना मागून वर घ्यायची सवय मोडा. शिडी पुढच्या बाजूला लावा.

लाल दोरी मात्र वादाच्या पलीकडची आहे. एक टोक इंजिनाच्या किल स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला. २०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोजवळ, एक कुटुंब वेगवान आरआयबीतून (टणक तळाच्या रबरी बोटीतून) वळताना पाण्यात फेकलं गेलं. ही दोरी बांधलेली नव्हती. रिकामी बोट इंजिन चालू ठेवून गोल गोल फिरत राहिली आणि पाण्यातल्या माणसांवरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली, इतर चौघे जखमी झाले. आमच्याकडे ही दोरी हँडलला गुंडाळून ठेवायची पद्धत आहे. तशी दिसली की मी त्या बोटीत बसत नाही, मग तांडेल कितीही जुना असो.

८. मेस्त्री कोणता, ते आधी ठरवा. ब्रँड मग आपोआप ठरतो.

यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, तोहात्सु, होंडा, सगळीच इंजिनं चालतात. प्रश्न असतो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, गर्दीच्या ऐन दिवसांत, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर संध्याकाळपर्यंत मालवणात मिळेल का. मिळत असेल तो ब्रँड चांगला. तांत्रिकदृष्ट्या उत्तम असून भागत नाही. इव्हिनरुडचं थेट इंधन फवारणारं टू स्ट्रोक धूर कमी सोडायचं आणि रबरी बोटीला शोभेल असं होतं. २०२० च्या मे महिन्यात कंपनीने ते बनवणंच थांबवलं. शंभर वर्षांहून जुनं नाव, पण ज्यांच्याकडे ती इंजिनं आहेत त्यांना आता सुट्या भागांसाठी वणवण.

९. दुसरं इंजिन?

किनाऱ्यालगत काम असेल तर नको. पाचएक एचपीचं छोटं इंजिन भरलेल्या बोटीला माणूस चालेल इतपतच पुढे नेतं, आणि दुपारच्या वाऱ्यासमोर तेवढंही नाही. त्याऐवजी लांब दोराचा नांगर, वल्ही, व्हीएचएफ आणि नजरेच्या टप्प्यात दुसरी बोट. निवतीला मी एकटा जात नाही.

१०. पेट्रोल आणि गोडं पाणी.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि कोकणच्या हवेत ओलीला तोटा नाही. टाकी बराच काळ पडून राहिली की पाणी तळाशी वेगळं होतं आणि पहिलं तेच कार्बोरेटरकडे जातं. इंजिनासोबत पाणी वेगळं करणारा फिल्टर लगेच बसवून घ्या, शक्यतो पारदर्शक वाटीचा, म्हणजे खाली बसलेलं पाणी डोळ्यांना दिसतं. त्या दिवशी लागेल तेवढंच पेट्रोल भरा.

रोज परतल्यावर इंजिन गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचं. मी दोनशे लिटरचं पिंप कापून ठेवलंय, त्यात इंजिनाचा पाय बुडवून. मे महिन्यात विहिरी खरवडायची वेळ येते तेव्हा घरचे बोलतात, पण आत सुकलेलं मीठ पुढच्या मोसमात जास्त महाग पडतं. इंजिनाच्या कुशीतून पाण्याची धार पडते ना, ती सकाळी पहिल्यांदा चालू करताना बघायची. बारीक झाली तर तिथेच बंद. कर्ली नदीच्या मुखाशी वाळू घुसळलेलं पाणी ओढून ओढून इम्पेलरची रबरी पाती घासतात, म्हणून ऑक्टोबरमध्ये, मोसम सुरू व्हायच्या आत, मी इम्पेलर न बघताच बदलतो. जस्ताचे ठोकळे निम्मे झिजले की तेही. मात्र त्यांच्यावर रंग मारायचा नाही. रंग मारलेला ठोकळा स्वतः झिजत नाही आणि त्याच्याऐवजी इंजिनाचा पाय झिजतो. दर वर्षी कुणीतरी नव्या रंगकामाच्या उत्साहात हे करतंच.

आणि घेताना पूर्ण पैसे आधी मोजू नका. बोट पाण्यात घ्या, पाच माणसं बसवा, टाक्या मिळत नसतील तर वाळूच्या गोणी ठेवा, आणि ट्रायल दुपारी तीननंतरची मागा. विकणारा सकाळी सातची वेळ देईल. त्याला सांगा, तीनलाच येतो.